फलकावरचं कासव

"हे फलकावरचं कासव नाहीच. लोक तक्रार करतात, बाई," साहेब म्हणाले. "सोमवारी तरुण कासव येतंय. याला मागच्या टाकीत टाका."

बाईंनी हातातली बादली खाली ठेवली. प्राणिसंग्रहालयातल्या कासवांच्या तळ्यावर त्यांची एकवीस वर्षं गेली होती. फलकावर रंगवलेलं कासव हिरवंगार होतं. मानेवर पिवळ्या रेघा, डोळ्यामागे पिकल्या मिरचीसारखा लाल पट्टा. त्या पट्ट्यावरूनच बाईंनी त्याला लालकान्या नाव दिलं होतं. दगडावर बसलेला लालकान्या मात्र आता तव्याच्या बुडासारखा काळा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं लोक म्हणणारच.

पण मागच्या टाकीत ऊन येत नव्हतं. तिथे गेलेलं कासव फार दिवस काढत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"हा तोच आहे, साहेब. नर म्हातारा झाला की काळा पडतो."

"कशावरून?"

बाईंनी खोलीतून बिस्किटांचा जुना डबा आणला. कासवाच्या पाठीवरून दरवर्षी सुटणारे कवचाचे पापुद्रे त्यांनी जपून ठेवले होते. ते त्यांनी कठड्यावर ओळीने मांडले. आधीचे हिरवट, पिवळ्या रेघांचे. मग शेवाळी, मग धुरकट. शेवटचे नुसते काळे.

साहेबांनी चष्मा लावून पाहिलं. "मला पटलं हो. पण लोकांना कोण पटवणार?"

बाई एरवी मान खाली घालून ऐकणाऱ्या. आज जीव टांगणीला लागला होता. "तुमच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर डोकंभर केस आहेत, साहेब. म्हणून तुम्हाला कुणी बदललं का?"

साहेबांचा हात टकलावर गेला. पलीकडे पाणी घालणारा माळी पाठ फिरवून हसला.

"बरं, याला राहू द्या. फलक बदला," साहेब म्हणाले. "पण हुबेहूब पाहिजे. पुन्हा तक्रार नको."

दुसऱ्या दिवशी रंगारी आला. त्याने काळ्या रंगाने पाठ भरली, मान भरली. पट्ट्यापाशी त्याचा कुंचला थांबला. "एवढा लाल ठेवू का? तेवढीच शोभा."

बाईंनी दगडाकडे पाहिलं. लालकान्या मान लांब करून, डोळे मिटून ऊन खात होता. त्याचा पट्टा कधीच काळा पडला होता; बाईंना मात्र तो अजूनही दिसायचा.

"नको. त्याला नाही, तर इथेही नाही. झाका."

रंगाऱ्याने काळ्या रंगाचा एक हात देऊन पट्टा झाकला आणि डबे आवरून निघून गेला. रंग ओला होता. कुणाचा हात लागू नये म्हणून बाई तो वाळेपर्यंत फलकापाशी उभ्या राहिल्या.