डर्बीशायरमधले अँडीज

अठ्ठेचाळीस माणसं एका दगडाभोवती हात टेकवून उभी होती आणि त्यांतल्या सत्तेचाळीस जणांच्या बोटांना मुंग्या येत होत्या.

"आल्या! आल्या गं बाई!" आशामावशी किंचाळल्या आणि त्यांनी डोळे गच्च मिटले. शेजारी यतीन उभा होता. हा एका बँकेचा डेटाबेस सांभाळतो, बायकोनं "भाजीत मीठ घातलंय" म्हटलं तरी चाखून खात्री करतो. तो आता हुंदके देत म्हणत होता, "धिस इज रियल यार, टोटली रियल!"

दगड कुठला, तर म्हणे पेरू देशातल्या साक्सायवामानचा, इंका राजांच्या किल्ल्यातला. उभा कुठे होता, तर डर्बीशायरमधल्या एका शेतात, मेंढ्यांच्या कुंपणाला लागून. पण असल्या बारीकसारीक गोष्टींत कोण शिरतंय?

मुंग्या न आलेली अठ्ठेचाळिसावी व्यक्ती म्हणजे देवयानी. लीड्सच्या एका हॉस्पिटलात ती फार्मासिस्ट होती. जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी प्रेमळ होतं पण लिंगाच्या बाबतीत उदार. शेजारी उभ्या असलेल्या आपल्या वडिलांना ती हळूच म्हणाली, "बाबा, माझा बोट एकदम शांत आहे."

"माझं बोट," रघुवीररावांनी डोळे न उघडता दुरुस्ती केली. "आणि शांत असणारच. तुझा विश्वास कुठाय?"

रघुवीरराव निवृत्त इंजिनियर. वय बाहत्तर, मुक्काम मिल्टन कीन्स, स्वभाव हट्टी. दोन वर्षांपासून त्यांना काचबिंदू होता. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेलीच होती. आता उरलेली वाचवायला येत्या मंगळवारी ऑपरेशन ठरलं होतं. तेवढ्यात महिन्यापूर्वी ते मित्रमंडळींबरोबर या यात्रेला आले, दगडाला हात लावला, घरी न्यायला दिलेल्या गुटिका पंधरा दिवस घेतल्या आणि चष्म्याच्या दुकानात जाऊन डोळ्यातलं प्रेशर मोजून घेतलं. अठ्ठावीसचं सतरा झालेलं! झालं, म्हातारा हवेत. ऑपरेशनच नको म्हणू लागला.

देवयानीनं फोनवर समजावलं, रडली, भांडली. शेवटी रघुवीररावांनीच तोडगा काढला. "शनिवारी माझ्याबरोबर ये. यात खोट दाखवलीस तर मंगळवारी मुकाट टेबलावर झोपतो. नाही दाखवता आली, तर सोमवारी सकाळी हॉस्पिटलला फोन करून नाव काढून टाकतो." मुलीला बापाचा डोळा वाचवायला जेमतेम एक दिवस मिळाला होता, तोही मेंढ्यांच्या सोबतीत.

या सगळ्या थाटाचे कर्तेकरविते स्वानंदजी. पूर्वी खरोखरच पेरूत टूर गाइड होते. तिथे पर्यटकांना सकाळी बसमध्ये कोंबून संध्याकाळपर्यंत चार प्राचीन स्थळं दाखवून परत आणायचे. मग त्यांना साक्षात्कार झाला की एवढ्या लांब माणसं नेण्यापेक्षा स्थळंच इकडे आणलेली बरी. अंगावर लाल-हिरवा लोकरी पोंचो, त्यावर रुद्राक्षाची माळ आणि कानाला माइक. 'एका दिवसात अँडीज, गाइडसह, जेवणासह' अशी त्यांची जाहिरात होती.

"आत्ता आपण कुठे आहोत?" स्वानंदजींनी विचारलं.

"डर्बीशायर," एक आजोबा प्रामाणिकपणे म्हणाले.

"चूक! शरीरानं डर्बीशायर, फ्रीक्वेन्सीनं अकरा हजार फूट! म्हणून तर सकाळी बसमध्ये श्वासगुटिका दिली. अँडीजच्या वनस्पती आहेत त्यात, उंचीची तयारी करतात. गुटिका फक्त दार उघडते मंडळी, आत घेतो तो दगड! आणि आत घेतल्याच्या तीन खुणा. पहिली, बोटांत मुंग्या. दुसरी, शरीर विष बाहेर टाकू लागेल."

या दुसऱ्या खुणेबद्दल तर कुणाला शंकाच नव्हती. येताना एम-वन महामार्गावर बस तीनदा थांबवावी लागली होती, आणि प्रत्येक वेळी टॉयलेटच्या रांगेत आशामावशी "माझं विष निघालं बाई, तुमचं?" अशी चौकशी करत होत्या.

"आणि तिसरी खूण जेवताना कळेल," स्वानंदजी गूढ हसले. "चला, मोराय!"

मोराय म्हणजे पेरूतली गोल गोल उतरत जाणारी प्राचीन शेतं. इथे गवत कापायच्या यंत्रानं तीन वर्तुळं काढली होती. "हे बघून काय आठवतं? आपल्या मिल्टन कीन्सचे राउंडअबाउट! तुम्ही रोज ऑफिसला जाता ते जाणं नाही, प्रदक्षिणा आहे!" रोज असले अकरा गोल चौक ओलांडून कामावर जाणारी माणसं हे ऐकून गहिवरली. त्यानंतर पेरूतल्याच मारास गावची मिठागरं. ती मात्र मुलांना डुंबायला घेतात तसल्या आठ निळ्या प्लास्टिकच्या टबांत भरली होती. एका टबाच्या तळाशी डॉल्फिन हसत होता. लोकांनी त्यालाही नमस्कार केला.

देवयानी हे सगळं बघून आधी हसली, मग घाबरली. कारण बाबाही नमस्कार करत होते, आणि 'दगडात काही नाही' हे सिद्ध करायचं कसं ते तिला सुचत नव्हतं. मुंग्या तर खऱ्या होत्या. बाबा खोटं बोलणारे नव्हते. स्वतःची गुटिका मात्र तिनं गिळली नव्हती. हॉस्पिटलातली सवय म्हणा, काय आहे ते कळल्याशिवाय तोंडात काही टाकायचं नाही. ती टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये पडली होती.

टबांशेजारीच मांडव घातला होता; तिथे जेवणाला पुरीभाजी होती आणि प्रत्येकाला कोकचा एक कॅन.

"प्या!" स्वानंदजींनी फर्मावलं.

यतीननं घोट घेतला आणि थू थू केलं. "अरे, गॅसच नाही! पत्र्यासारखा लागतोय!"

"माझाही! बेचव! चक्क कडू!" चहूकडून गलका झाला.

"तिसरी खूण!" स्वानंदजींनी दोन्ही हात आभाळाकडे नेले. "पचामामा! म्हणजे पृथ्वीमाता! ती तुमच्या जिभेवर येऊन बसली आहे. कृत्रिम ते ती स्वीकारत नाही!" आशामावशींनी तर कॅन शेतातच उपडा केला आणि पृथ्वीमातेला हात जोडले.

देवयानीनं आपला कॅन प्यायला. फसफसून नाकात गेला, छान गोड लागला. ती पुरी हातात धरून तशीच बसली. बोटांत मुंग्या येतील. लघवीला वारंवार जावं लागेल. फसफसणारी पेयं बेचव लागतील. ही तीन वाक्यं ती दर आठवड्याला कुणाला तरी खिडकीतून सांगायची! अगदी याच क्रमानं, औषधाची पिशवी पुढे सरकवताना.

तिनं टिश्यू उघडला. गुटिका पिवळीधमक होती. नखानं खरवडल्यावर हळद निघाली आणि आतून पांढरीशुभ्र, मधोमध रेघ असलेली गोळी वर आली. पण पांढऱ्या गोळ्या काय, शंभर प्रकारच्या असतात. नुसत्या संशयावर बाबा ऐकणार नव्हते. उलट "तुला मुंग्या आल्या नाहीत म्हणून जळतेस" म्हणाले असते.

तेवढ्यात बसचा ड्रायव्हर मांडवात आला. कीथ त्याचं नाव, साठीचा, पोट सुटलेला सज्जन गृहस्थ. चेहरा पडला होता. "माफ करा," तो इंग्रजीत म्हणाला, "पण मला आज परतीची बस चालवता येणार नाही. बोटं बधिर झाल्यासारखी होताहेत, सारख्या मुंग्या येताहेत. लेमोनेड उघडलं तर तेही पाणीच लागतंय. मी डेपोला फोन केलाय, दुसरा ड्रायव्हर येईल."

आशामावशी टाळी वाजवून ओरडल्या, "अगंबाई! ड्रायव्हरलासुद्धा सिद्धी मिळाली!"

देवयानी ताडकन उठली. "कीथ, तुम्ही दगडाला हात लावलात?"

"कुठला दगड? मी बसमधून उतरलोच नाही. पेपर वाचत होतो."

"मग सकाळपासून काय खाल्लंत?"

कीथनं आशामावशींकडे बोट दाखवलं. "या बाईंनी एक गोड गोळा दिला, आणि एक पिवळी गोळी. नको म्हटलं तर ऐकेचनात."

"आता बाई, ऐकायचं कसं?" आशामावशी गोंधळल्या. "बसमध्ये सगळ्यांनी प्रसाद घ्यायचा आणि जो आपल्याला घेऊन जातोय त्याला नाही द्यायचा? मी म्हटलं, लाडू घे, आणि ही गुटिकापण घे. माझी दुसरी होती ना, जास्तीची मागून घेतलेली. अहो, आपल्यात असं एकट्यानं खातात का?"

झालं! पेरूचा दगड, वर्तुळं, टब, डॉल्फिन, सगळ्याला मावशींच्या आग्रहानं एका लाडवात आडवं केलं होतं. स्वानंदजींनी सगळी तयारी केली, पण मराठी बाई ड्रायव्हरला उपाशी ठेवत नाही हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"बाबा, ऐका," देवयानी म्हणाली. "माझा हात दगडावर होता, मी गोळी नाही घेतली. मला काही नाही झालं. कीथनं गोळी घेतली, दगड बघितला पण नाही. त्याला सगळं झालं. मग कोण करतंय हे? दगड की गोळी?"

रघुवीररावांनी पुरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"वनस्पती आहे! पवित्र वनस्पती!" स्वानंदजी माइकमधून गरजले.

"नाव सांगा तिचं."

"नावं ऋषींनी गुप्त ठेवली आहेत."

"अच्छा," कीथला कुणीतरी भाषांतर करून सांगितल्यावर तो म्हणाला, "ते गोळ्यांचे चंदेरी पत्रे त्या ऋषींचे होय? काल बस धुताना मागच्या फेरीचं पाकीट मिळालं. माझ्या कचऱ्याच्या पिशवीत आहे अजून." आणि तो जाऊन रिकाम्या पत्र्यांचा एक जुडगा घेऊन आला. प्रत्येक पत्र्यावर बारीक अक्षरांत नाव छापलेलं होतं.

देवयानीनं तो वडिलांच्या हातात दिला. "तुम्ही वाचा."

रघुवीररावांनी खिशातलं भिंग काढलं. "असेटा... झोला... माइड."

"आता याचं माहितीपत्रक." तिनं फोनवर ते मोठं करून धरलं. ते वाचू लागले, आधी मनात, मग मोठ्यानं. हातापायांत मुंग्या. वारंवार लघवी. चवीत बदल, विशेषतः फसफसणाऱ्या पेयांच्या. स्वानंदजींच्या तिन्ही खुणा तिथे शिस्तीत छापलेल्या होत्या, फक्त 'दुष्परिणाम' या मथळ्याखाली.

"उंच डोंगरावर जाणारे लोक घेतात हे," देवयानी म्हणाली. "म्हणून पेरूत गाइड असताना यांनी हा परिणाम पाहिला. गोळी खाल्लेला पर्यटक दगडाला हात लावतो, मुंग्या येतात, त्याला वाटतं दगडात पॉवर आहे!"

"पण माझं प्रेशर उतरलं होतं, देवू," रघुवीरराव म्हणाले. "मी डोळ्यांनी आकडा पाहिला."

"पुढची ओळ वाचा ना, बाबा."

त्यांनी वाचली. हे औषध काचबिंदूतलं डोळ्याचं प्रेशर कमी करण्यासाठीही देतात.

"उतरलं ते खरंच आहे," ती म्हणाली. "गोळीमुळे. गोळी थांबली की परत चढेल, आणि गेलेली नजर काही येणार नाही. डॉक्टरांना न सांगता घेत राहिला असतात तर किडनी बिघडू शकली असती. आणि ऑपरेशन रद्द केलं असतंत तर..." मांडवात सगळ्यांसमोर ती रडायलाच लागली.

"मंडळी, मंडळी," स्वानंदजी पुढे सरसावले, "औषध म्हणजेसुद्धा पचामामाचीच कृपा नाही का?"

"मग कृपेचं पाकीट लपवलंस कशाला रे मेल्या?" आशामावशी कडाडल्या. सकाळपासूनचं अहो-जाहो एका क्षणात गळून पडलं. "आणि हळद फासलीस वर! माझ्या लाडवाबरोबर त्या गरीब माणसाला विष खायला घातलंस माझ्या हातून! त्याच्या हातात आमचे अठ्ठेचाळीस जीव होते!" स्वानंदजी दोन पावलं मागे सरले आणि मिठागरात बसले. डॉल्फिनवरच बसले म्हणा ना.

देवयानीनं डोळे पुसले आणि कामाचा आवाज लावला. "सल्फाची ॲलर्जी कुणाला आहे? बीपीच्या गोळ्या? किडनीचा त्रास?" एक हात वर झाला, मग चार, मग अकरा. यतीनचाही होता. ती एकेकाजवळ बसून लिहून घेऊ लागली, दोघांना तिथूनच एनएचएसच्या हेल्पलाइनला फोन लावून दिला. कीथला तिनं भरपूर पाणी प्यायला लावलं आणि उद्यापर्यंत उतरेल म्हणून धीर दिला. मावशींनी त्याची हात जोडून माफी मागितली. "लाडू मात्र फक्कड होता," तो म्हणाला.

दुसरा ड्रायव्हर आला, बस निघाली. स्वानंदजी सर्वांत मागच्या सीटवर ओल्या पोंचोत बसले होते आणि त्यांच्या आसपासच्या तीन रांगा मोकळ्या होत्या. पत्रे देवयानीच्या पर्समध्ये होते. सोमवारी ते कुठे द्यायचे हे तिला नीट माहीत होतं.

एम-वन लागल्यावर रघुवीरराव उठले, दांड्याला धरून पुढे गेले आणि त्यांनी गाइडचा माइक हातात घेतला.

"मी ब्रिस्टलला एकतीस वर्षं विमानाच्या इंजिनांवर काम केलं," ते म्हणाले. "सर्टिफिकेट नसलेला एक बोल्ट मी कधी आत घेतला नाही. साहेबांशी भांडायचो त्यावरून. आणि पंधरा दिवस रोज एक गोळी गिळत होतो, तिचं नावसुद्धा विचारलं नाही. का? तर समोरच्यानं माळ घातली होती आणि तुम्ही सगळे घेत होतात. तुम्ही घेत होतात, कारण मी घेत होतो. मी इंजिनियर ना!"

त्यांनी दांडा घट्ट धरला आणि ते पुढे बोलू लागले.

"मुंग्या आल्या त्या खोट्या नव्हत्या. आपण वेडेही नाही. आपण फक्त विचारलं नाही. तेव्हा यापुढे विचारायचं. काय आहे, कुठून आणलं, कशानं होतं, आणि न घेणाऱ्यालाही होतं का. विचारल्यानं देव असलाच तर रागावणार नाही. जो रागावेल, त्याच्या हातून काही घेऊ नका."

ते परत येऊन मुलीशेजारी बसले. बराच वेळ तिचा हात हातात धरून होते.

"मंगळवारी येशील?" त्यांनी विचारलं. "मला त्या ऑपरेशनची फार भीती वाटते गं. म्हणून तर दगडावर विश्वास बसला."