इमोजेनच्या स्वेटरवरचा बिल्ला

मित्रांनो, मानवजातीच्या रक्षणाचा भार माझ्या खांद्यावर आहे. मला खांदा नाही, ती गोष्ट वेगळी. मी एक जुना, काडेपेटीएवढा किरणमापक बिल्ला आहे. किरण अडवतं ते शिसं. मी नुसता मोजतो. दर महिन्याला प्रयोगशाळेत मला तापवून पोटातला आकडा काढून घेतात. बोलायची मुभा तेवढीच.

लॉन्सेस्टन शहरातल्या एका इस्पितळात मी इमोजेनच्या छातीवर असे. रोग्याला किरणोत्सारी औषध टोचायचं, ते हाडांत मुरलं की फोटो काढायचे, हे तिचं काम. औषध शिशाच्या डबीत, सुई जाड कवचात, आणि टोचून झालं की इमोजेन चार पावलं मागे. त्यामुळे माझा आकडा नेहमी एवढासा. "गुणी बिल्ला!" सुरक्षा अधिकारी डेसमंड म्हणायचे. काहीच न केल्याबद्दल शाबासकी मिळवणारा मी जगात एकटाच नसेन.

मग इमोजेनला दिवस गेले, आणि त्याच महिन्यात माझा आकडा पाचपट आला.

प्रयोगशाळेचं पत्र घेऊन ती डेसमंडकडे धावली. "डेस, माझ्या बाळाला काही झालं असेल का हो?"

"आधी चहा घे," म्हणत डेसमंडनी स्वतःच्याच कपात तीनदा साखर घातली. "आता आठव. कुठे उभी होतीस, कुणाजवळ?"

तिला काही आठवेना. मला सगळं ठाऊक होतं, पण आकडा सांगून झाला होता. तीन दिवस ती जेवली नाही की हसली नाही.

चौथ्या दिवशी क्लॅरी आजोबा आले. मेंढ्यांची लोकर कातरण्यात जन्म गेलेला हा तिचा रोगी. हातात लॅमिंग्टन केकचा डबा.

"पोरी, हे तुझ्या स्वेटरबद्दल. जन्मभर मेंढ्यांना उघडं केलं, म्हातारपणी लोकर अंगावर आली ती तुझी! औषध टोचल्यावर तीन तास कुडकुडत बसलो असतो गं."

"माझा स्वेटर? मी दिला?"

"अंगातला काढून दिलास की! हा बिल्लासुद्धा होता त्यावर. बायको असती तर म्हणाली असती, मिळालं एकदाचं पदक म्हाताऱ्याला!"

शेजारीच उभ्या डेसमंडनी कपाळावर हात मारला. औषध आजोबांच्या हाडांत, आणि मी आजोबांच्या छातीवर! तारीख ताडून पाहिली, गणित जुळलं. तो आकडा इमोजेनचा नव्हताच.

ती पोटावर हात ठेवून एकाच वेळी हसत आणि रडत होती.

"केक बिघडलाय का?" आजोबांनी घाबरून विचारलं.

मित्रांनो, कुणी थंडीने काकडत असेल, तर अंगातला स्वेटर काढून द्या, जरूर द्या. फक्त त्याआधी मला काढून घ्या. आणि हो, धुवायला टाकण्याआधीही.