मी अजून पाच किलोच आहे

मी एक जुने, लोखंडी, पाच किलोचे वजन आहे. सहा कोपरे, वर धरायला कडी आणि बुडाशी शिशाचा एक ठिपका. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला चित्रातच पाहिले असेल. हल्ली दुकानात लाल आकडे उमटतात आणि काम भागते. मला त्याचा राग नाही. पूर्वी मात्र होता, हे खोटे कशाला सांगू?

माझा जन्म कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत झाला. साच्यातून निघालो तेव्हा मी पाच किलोला थोडा कमी होतो. मग माझ्या बुडाच्या खाचेत शिसे ओतले, नखाएवढे खरवडले, पुन्हा तोलले. बरोबर पाच भरलो तेव्हा वजनमापवाल्या साहेबांनी त्या शिशावर शिक्का मारला. त्या ठोक्याने जरा दुखले, पण त्या दिवसापासून माझ्या शब्दाला किंमत आली.

तिथून मी सोलापूरला आलो, मंगळवार पेठेत वीरभद्रप्पांच्या धान्याच्या दुकानात. तिथे तोलायला होता हरिबा. सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातला, उंच, शिडशिडीत, कमी बोलणारा. त्याची एक सवय सांगतो. गिऱ्हाईक आले की तो आधी रिकाम्या तराजूची पारडी समोर धरायचा. दोन्ही सारखी आहेत हे गिऱ्हाइकाने डोळ्यांनी पाहिले, की मगच मला उचलायचा. आणि मोजताना पहिल्या मापाला तो कधी "एक" म्हणाला नाही. "लाभ," म्हणायचा. लाभ, दोन, तीन. धान्याची मोजणी लाभापासून सुरू करायची, ही जुनी रीत. रोज शेकडो वेळा त्याच्या मुठीत उचलला जाताना मी ते ऐकले आहे. दर दोन वर्षांनी माझी तपासणी व्हायची, नवा शिक्का बसायचा आणि हरिबाच माझ्यापेक्षा जास्त खूश व्हायचा. दसऱ्याला मला गंध-फूल मिळायचे. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते.

अकरा वर्षांपूर्वी दुकानात विजेचा काटा आला आणि मला पोत्यांच्या मागे ढकलले. शिक्के थांबले. पुढे सात वर्षांनी हरिबाने काम सोडले तेव्हा वीरभद्रप्पांनी त्याला शर्टाचे कापड आणि नारळ दिला. हरिबा म्हणाला, "मालक, कापड ऱ्हाऊ द्या. ते पाच किलूचं वजन देता का?" मालक हसले आणि त्यांनी दोन्ही दिले.

होटगी रोडच्या बाजूला हरिबाच्या दोन खोल्या होत्या. मी तिथे गेलो खरा, पण घरात तोलायचे काय? उन्हाळ्यात वाऱ्याने दार आपटायचे, म्हणून त्याची बायको मायाक्का हिने मला दाराला लावले. दोनदा तिचा अंगठा माझ्यावर आपटला आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

इकडे हरिबा बसून राहिला. जन्मभर दुसऱ्याचे धान्य तोलणाऱ्या या माणसाने स्वतःला कधी तोलले नव्हते. पोट सुटले, गुडघे कुरकुरू लागले आणि एक दिवस तपासणीत साखर निघाली. डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली. वजन आणि साखर उतरली नाही, तर रोज सुई. सुईपेक्षाही मोठी भीती दुसरीच होती. हरिबाच्या थोरल्या भावाच्या, बिरप्पाच्या पायाची दोन बोटे याच साखरेने गेली होती. त्या घरात "साखर" हा शब्द निघाला की सगळ्यांचे डोळे आधी हरिबाच्या पायांकडे जायचे.

मुलगी सोनाली विमा कचेरीत कामाला. तिने मोबाईलवर व्यायाम शिकवणारी एक कोच शोधली. नाव बुद्धप्रिया. एक आठवडा फुकट शिकवणार, पटले तर तीन महिन्यांची फी. ती फी म्हणजे सोनालीच्या पगाराचा चांगला लचका होता.

हरिबा बिथरला. "उठा म्हणायचं, बसा म्हणायचं, आन् पैसं घ्यायचं? आसलं काम मी बी करतो की!"

"आबा, एक आठवडा तर करून बघा," सोनाली म्हणाली. "नाही पटलं तर नाही भरणार."

"आन् ऱ्हाती कुटं ही बाई?"

"कुंभारीला."

"हितल्या कुंभारीला? मग रिक्षानं यायला काय धाड भरली?"

तरी सोमवारी सकाळी खुर्चीसमोर मोबाईल उभा राहिला. त्यात पंचविशीतली एक हसरी मुलगी दिसली. तिने हरिबाला "काका" म्हणून आधी पाय दाखवायला सांगितले, तळवे नीट पाहिले आणि मगच उठबस सुरू केली. भाकरी तोडली नाही, शेंगाचटणीवरचे तेल मात्र तोडले. रोज सकाळी वजनकाट्यावर उभे राहून आकड्याचा फोटो पाठवायचा, असे तिने सांगितले. सोनालीने काचेचा नवा काटा आणला होता. पहिल्या दिवशी आकडा आला अठ्ठ्याऐंशी.

दाराशी बसून मी त्या काट्याकडे पाहत होतो. अंगावर ना शिक्का, ना शिसे. माझे तोंड कडू झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून आकडे भराभर उतरू लागले. शहाऐंशी, पंच्याऐंशी आणि सातव्या दिवशी, रविवारी, चौऱ्याऐंशी! सोनालीने टाळ्या वाजवल्या. मायाक्काने देवापुढे साखर ठेवली आणि जीभ चावून परत उचलली. सोनाली म्हणाली, "आता विचार कसला करायचा? फी भरते मी." मोबाईल चार्जिंगला लावला होता, तो काढायला ती उठली.

हरिबा मात्र काट्याकडे बघत उभा होता. "सोने, थांब जरा," तो म्हणाला. "सात दिसांत चार किलू? उनात टाकलेली जवारी बी एवढी वाळत न्हाय."

तो दाराशी आला, वाकला आणि त्याने माझी कडी धरली. मित्रांनो, चार वर्षांनी ती मूठ! मला हातात घेऊन तो काट्यावर उभा राहिला. आकडा आला शहाऐंशी. पाच किलो उचलले आणि काटा दोनच सरकला.

मी तर हबकलोच. अकरा वर्षांत मला कुणी तपासले नव्हते. शिसे झिजले असेल का? गंजाने खाल्ले असेल का? मी आता पाच किलो उरलोच नसेन, तर माझ्या असण्याला अर्थ काय? त्या क्षणी मला वाटले, यापेक्षा दारच बरे होते.

हरिबा खाली उतरला आणि त्याने काट्याखाली पाहिले. खाली चौघडी घातलेली जाड सोलापुरी चादर होती.

"आवं, नवी काच हाय ती," मायाक्का घाबरून म्हणाली. "फरशीवर घासायला नगं म्हनून मीच घातली, दुसऱ्या दिशी."

हरिबाने कपाळावर हात मारला. तराजू कधी मऊ जागेवर ठेवायचा नाही, हे त्याला झोपेतही सांगता आले असते. पण मशीनला कसलीही जागा चालते, असे समजून त्याने आठवडाभर तिकडे पाहिलेच नव्हते. चादर काढून काटा शहाबादी फरशीवर ठेवला. हरिबा एकटा उभा राहिला, सत्त्याऐंशी पूर्णांक सहा दशांश. मग त्याने मला उचलले. मी श्वास रोखला.

ब्याण्णव पूर्णांक सहा दशांश.

बरोबर पाच! मी अजून पाच किलो होतो. हरिबाने माझ्या बुडाच्या शिशावरून अंगठा फिरवला. माझ्या आयुष्यात इतके शिक्के बसले, पण असा एकही नव्हता.

सोनालीचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे अर्धाच किलो," ती म्हणाली. "एवढ्यासाठी एवढी फी भरायची का, आबा?" आणि तिने मोबाईल हातात घेतला. त्यावर सकाळचाच एक निरोप न वाचता पडून होता. तिने तो मोठ्याने वाचला.

"ताई, आज फी पाठवू नका. काकांचं वजन इतक्या लवकर उतरणं बरोबर नाही, मला काळजी वाटतेय. कालच्या फोटोत काट्याच्या कडेला चादर दिसतेय. ती काढून, साध्या फरशीवर परत वजन करा. आकडा वाढला तर नाराज होऊ नका. आठवड्यात अर्धा किलो उतरला तरी मला पुष्कळ झालं."

हरिबा खुर्चीत बसला. तो म्हणाला, "परत वाच." सोनालीने परत वाचले.

"माज्यागत हाय ही पोरगी," तो म्हणाला. "आदी रिकामी पारडी दावती. भर तिची फी."

मित्रांनो, दुकानात इतकी वर्षे काढून जे मला कळले नव्हते, ते त्या सकाळी कळले. शिक्का अंगावर नसला तरी माणसाच्या वागण्यावर असू शकतो. आणि तो बिचारा काचेचा काटासुद्धा खोटारडा नव्हता. त्याला नीट उभे राहायला कुणी जागाच दिली नव्हती. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. तुमच्या घरातही मोजणारी काही वस्तू असेल, तर तिला आधी सपाट जागा द्या. आणि दाराला लावलेल्या जुन्या वजनाला वर्षातून एकदा तरी उचलून बघा.

तीन महिने सरले. अठ्ठ्याऐंशीचे ब्याऐंशी झाले. साखर उतरली, सुई टळली. परवा डॉक्टरांनी हरिबाच्या दोन्ही पायांची दहाही बोटे एकेक करून दाबून पाहिली आणि सगळी ठणठणीत असल्याचे सांगितले. ऐकता ऐकता मायाक्का पदराने डोळे पुसत होती, असे सोनालीने बुद्धप्रियाला सांगितले, ते मी इथे बसून ऐकले.

आता माझी जागा दाराशी नाही, खुर्चीशेजारी आहे. मायाक्का मला रोज पुसते. सकाळी हरिबा मला छातीशी धरून खुर्चीतून उठतो, बसतो, उठतो. सुरुवातीला बुद्धप्रिया मोबाईलमधून मोजायची, "एक." हरिबा हट्टाने म्हणायचा, "लाभ." रोजचा हा तंटा. ती हसायची आणि पुन्हा "एक" म्हणायची.

आज सकाळी फीचे तीन महिने संपले होते. सोनालीने न विचारताच पुढची फी भरून टाकली होती. मोबाईल उभा राहिला. हरिबाने माझी कडी धरली, मला छातीशी घेतले आणि तो उठला. तो काही बोलायच्या आधीच कुंभारीहून आवाज आला.

"लाभ, काका."