ओहोटीपर्यंत बसा

मंत्री समुद्राकाठच्या वाइनिलोआ गावाला यायचे ते भरतीला आणि भरती उतरायच्या आत निघून जायचे. यात त्यांचा तरी काय दोष? बोट कधी सोडायची हे त्यांच्या कचेरीतले लोक ठरवत, आणि कचेरीतल्या लोकांना बुटाला चिखल लागलेला खपत नाही. त्यामुळे झालं काय, की जेटी बांधून देतो म्हणून शब्द देऊन गेलेल्या तिघा मंत्र्यांपैकी एकानंही गावाचा चिखल कधी पाहिला नाही. त्यांनी पाहिलं ते निळंशार पाणी, पायरीला लागलेली बोट आणि हार घेऊन उभ्या असलेल्या बायका. प्रत्येकानं जाताना एक कोनशिला मात्र बसवली. गावच्या बायका त्या तिन्ही शिलांवर मासळी वाळवतात.

ओहोटी लागली की पाणी पार तिवरांच्या पलीकडे जातं आणि मागे गुडघ्यापर्यंत काळा चिखल उरतो. बोट लांब थांबते. ज्याला जायचं त्यानं तुडवत जायचं, आजाऱ्याला खांद्यावर न्यायचं.

आपेनिसा हा या गावाचं तोंड. थट्टा नव्हे, तसा मानच आहे. गावचे प्रमुख रातू पेनाया समारंभात स्वतः बोलत नाहीत, त्यांच्या वतीनं आपेनिसा बोलतो. यांगोना म्हणजे एका झुडपाची मुळं, ती कुटून मानाचं पेय करतात; पाहुण्यानं आल्यावर पुढे ठेवलेली त्या मुळांची जुडी हात लावून स्वीकारायची ती त्यानं. निघताना पाहुणा आणखी एक जुडी ठेवून निरोप मागतो, तिलाही हात लावायचा त्यानंच. त्यानं हात लावल्याशिवाय पाहुणा उठत नाही. जेटीचे तिन्ही शब्द याच आपेनिसानं गावाच्या वतीनं घेतले होते, "आपला शब्द पोचला" म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या, आणि मग घरोघरी जाऊन सांगितलं होतं, की या वेळी नक्की.

आता चौथे मंत्री यायचे होते. आणि आपेनिसाची बायको वासेनाई दवाखान्यात जायचं नाव काढत नव्हती.

तिला साखरेचा आजार. डाव्या पायाची दोन बोटं गेली होती आणि जखम भरत नव्हती. दर गुरुवारी बोटीनं पाण्यापलीकडच्या दवाखान्यात मलमपट्टी करायची, गुरुवार चुकला तर पाय गुडघ्यातून जाईल, असं नर्सनं स्वच्छ सांगितलं होतं. पण दवाखाना त्याच्या वेळेला उघडतो आणि समुद्र समुद्राच्या वेळेला येतो. एका गुरुवारी परतताना ओहोटी होती. तिला खांद्यावर घेतलेल्या दोघा पोरांपैकी एकाचा पाय रुतला आणि वासेनाई सगळ्या गावासमोर चिखलात पालथी पडली. कुणीतरी हसलं. तेव्हापासून ती गेली नव्हती.

"पाय जाईल, वासे," आपेनिसा म्हणायचा.

"जाऊ दे. अब्रू तर राहील."

तो रात्र रात्र कूस बदलत राहायचा.

मंत्री यायच्या आदल्या दिवशी उनाइसी आली. आपेनिसाच्या भावाची ही मुलगी, गावच्या शाळेत शिकवते. जुन्या चादरीवर लाल रंगात तिनं लिहून आणलं होतं, 'आधी जेटी, मग भाषण.'

"काका, बोट लागली की आम्ही हे धरून उभे राहणार. तुम्ही फक्त अडवू नका."

"रातू नको म्हणालेत."

"रातूंना बोटीत बसायला चौघं उचलतात. त्यांना जेटी कशाला लागते?"

वासेनाई आतून ताडकन बाहेर आली, लंगडत. "उनाइसी, घडी कर ती चादर. दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात की शिव्या देतात? तुझ्या शाळेत काय शिकवता गं पोरांना?"

"काकू, मी तुमच्या पायासाठीच भांडतेय ना!"

"माझा पाय चादरीवर आणू नकोस."

उनाइसीनं चादर काखेत मारली आणि जाता जाता काकाला म्हणाली, "त्यांनी तीनदा फसवलं. पण तीनदा टाळ्या कुणी वाजवल्या?" आपेनिसाला ते लागलं. लागायलाच हवं होतं, म्हणा. खरं होतं ते.

गुरुवारी सकाळी भरतीवर मंत्री इसिरेली आले. उनाइसी किनाऱ्यावर होती, पण चादर तिच्या काखेत घडी केलेलीच राहिली. माणूस वाईट नव्हता. जाडजूड, हसरा, घामानं डबडबलेला. शेजारच्याच बेटावरचा असल्यानं चटईवर कसं बसायचं, वाटी कशी घ्यायची, सगळं त्याला ठाऊक. सभागृहात यांगोना फिरली, भट्टीतलं डुक्कर आणि अळूचे कंद झाले, भाषण झालं. जेटी पुढल्या वर्षी. कोनशिला बोटीतून आणलेलीच होती.

दुपार व्हायला लागली तशी सेक्रेटरीनं घड्याळाकडे पाहिलं. मंत्र्यांच्या माणसानं निरोपाची जुडी पुढे ठेवली आणि रीतीप्रमाणे निघायची परवानगी मागितली. आता आपेनिसानं पुढे सरकून तिला हात लावायचा.

त्यानं हात लावला नाही.

काही ठरवून आला नव्हता तो. झाडाच्या सालीच्या कापडाचा मानाचा पोशाख नेसून, दाढी करून, नेहमीचंच बोलायला आला होता. पण त्याची नजर दाराबाहेर गेली. पाणी तिवरांच्या मुळांवरून उतरायला लागलं होतं. हात गुडघ्यावर होता तिथंच राहिला.

मंत्र्यांच्या माणसाला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही. त्यानं सगळं पुन्हा म्हटलं.

"ऐकलं," आपेनिसा म्हणाला. "साहेब, याच चटईवर आधी तीन शब्द ठेवून गेले लोक. तिन्ही मी उचलले, मला खरे वाटले म्हणून. गावानं माझं ऐकून मतं दिली. चौथा उचलायला माझा हात होत नाही."

रातू पेनायांचा चेहरा तांबडालाल झाला, पण बोलणार कसे? ज्या तोंडानं बोलायचं ते तोंडच बंड करून बसलेलं. ते नुसते हातातला पंखा जोरजोरात हलवत राहिले.

"बाबा, मी नवा आहे," मंत्री म्हणाले. "आधीच्यांचा राग माझ्यावर का?"

"राग नाही. राग असता तर जेवू घातलं असतं का? आणखी एक वाटी घ्या. बसा."

"किती वेळ?"

"ओहोटीपर्यंत."

मागं बायकांत बसलेली वासेनाई दबक्या आवाजात बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "अहो, पाहुण्याला कोंडून ठेवता? शोभतं का हे?"

त्यानं मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात लावून बसला असता. सेक्रेटरी उठायला लागला, मंत्र्यांनी त्याला खाली बसवलं. निरोप न घेता उठला असं चार बेटांत झालं असतं तर पुढची निवडणूक कुठली? काही का असेना, माणूस बसला. वाटी फिरत राहिली, आणि बाहेर समुद्र आपला सावकाश मागे मागे जात राहिला. बोटवाल्यानं बोट रुतायच्या आत खोल पाण्यात नेली.

चिखल पुरता उघडा पडला तेव्हा आपेनिसानं जुडीला हात लावला, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "गावाचा निरोप आहे. सुखानं जा."

बाहेर येऊन मंत्र्यांनी चिखल पाहिला आणि बोट किती लांब आहे ते नजरेनं मोजलं. चौघा पोरांनी बांबूची खुर्ची आणली, मोठ्या पाहुण्याला तिच्यातून नेतात. मंत्री बसले, खुर्ची उचलली गेली. सेक्रेटरी बूट हातात घेऊन, तोंडातल्या तोंडात काहीबाही बोलत मागून निघाला.

आणि त्याच्यामागून वासेनाई निघाली. हातात हार, पायाला पट्टी, सरळ चिखलात.

आपेनिसा ओरडला, "वासे! मागं फीर. जखम आहे."

"तुम्ही पाहुण्याचा अपमान केलात. आता बोटीपर्यंत पोचवायला घरातलं कुणी नको? तुम्ही गावाचं तोंड ना? मग गावाचे पाय मी."

ज्या पायासाठी त्यानं आयुष्यभराची रीत मोडली, तोच पाय त्याच्या डोळ्यांदेखत काळ्या चिखलात रुतत होता. बाप रे, काय करून बसलो मी, एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

वर बसलेल्या मंत्र्यांनी वळून पाहिलं. "थांबा. खाली ठेवा मला."

"इथं, साहेब?"

"इथंच."

ते उतरले. चिखलानं पहिल्याच पावलाला त्यांचा एक बूट गिळला. "आई, तुम्ही बसा."

"मी बसू आणि मंत्री चालणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. पायाला काय झालंय?"

तिनं सांगितलं. गुरुवार, नर्स, गुडघा, सगळं. ती पडली आणि कुणीतरी हसलं तेही सांगितलं. नवऱ्यालासुद्धा तिनं ते इतकं उघड कधी सांगितलं नव्हतं. बोलता बोलता तिला रडू आलं.

"माझी बोट दवाखान्यावरूनच जाते," मंत्री म्हणाले. "आज गुरुवार आहे. चला."

ती बसली. पोरांना म्हणाली, "पाडू नका रे मेल्यांनो." मंत्री इसिरेली खुर्चीच्या बाजूनं चालत गेले, दांड्याला एक हात देऊन. दोनदा घसरले. कुणी हसलं नाही.

आपेनिसा नेसूच्या कापडासकट मागून धावला. बोटीपाशी तिला आत घेत होते तेव्हा तो पोचला, कमरेपर्यंत काळा झालेला. आयुष्यात पहिल्यांदाच रातूंच्या सांगण्यावाचून तो पाहुण्याशी बोलला.

"साहेब, आज नेलंत, उपकार झाले. पण उपकार दर गुरुवारी मागायला लावू नका. हिला परत आणायला तुम्हीच या. उद्या, ओहोटीला."

मंत्र्यांनी तोंड उघडलं.

"येईन म्हणू नका," आपेनिसा म्हणाला. "या."

मंत्र्यांनी तोंड मिटलं. कपाळावरचा घाम पुसायला गेले तर तिथंही चिखल लागला. मग ते बोटीत चढले आणि वासेनाईच्या शेजारी बसले.

बोट दिसेनाशी झाली तरी किनाऱ्यावरून कुणी हललं नव्हतं. आता रातू काय दंड करतात ते ऐकायला सगळे थांबले होते. रातू पेनाया चिखलाच्या कडेला येऊन उभे राहिले. रागावलेले होतेच.

"आणि उद्या आला नाही तर?" त्यांनी विचारलं.

"तर आपण जायचं तिला आणायला," आपेनिसा म्हणाला. "सगळ्या गावानं. तिला घेऊन आधी त्यांच्या कचेरीत जायचं, पाय न धुता. तिथं चटई टाकून बसायचं, आणि जेटी होईपर्यंत निरोप मागायचा नाही."

"मीसुद्धा?"

"तुम्ही तर पुढं, रातू."

रातूंनी चिखलाकडे पाहिलं. मग कमरेला गुंडाळलेली आपली लुंगी त्यांनी गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाहिली, कितपत जमतंय ते.

"बोलायचं मात्र तूच," ते म्हणाले.