मी, परवानगीचा टेलिफोन

मी एक जुना टेलिफोन आहे आणि आजवर मी शेकडो जीव वाचवले आहेत. निदान आमच्या आरोग्य केंद्रात तशी समजूत होती. खरं सांगायचं तर, मित्रांनो, मी त्यांना ताटकळत ठेवायचो.

केंद्रात सिस्टर एकट्या. डॉक्टर लांबच्या रुग्णालयात. औषधाचं कपाट सिस्टरांच्या हाताशी, पण डॉक्टरांच्या आदेशाशिवाय औषध द्यायला कायद्याची बंदी. मग त्या मला उचलायच्या.

"सर, दम्याचा पेशंट. नेहमीचं औषध वाफेतून देऊ?"

"हं. नेहमीचं. वाफेतून."

सिस्टर वहीत लिहायच्या, 'डॉक्टरांच्या आदेशानुसार'. बावीस वर्षं हा आदेश सिस्टरांच्या तोंडून निघायचा आणि डॉक्टरांना भेटून परत यायचा. या येण्याजाण्याबद्दल मला रोज फडक्याने पुसत.

गेल्या हिवाळ्यात बेकरीवाले काका धापा टाकत आले, तेव्हा लाइन एंगेज होती. सिस्टरांनी अकरा वेळा नंबर फिरवला. काकांचे ओठ निळे पडत चालले होते. बाराव्या खेपेला "हं" मिळालं. 

मग कायदा बदलला. डॉक्टरांशी लेखी करार असेल, तर प्रशिक्षित सिस्टरांनी यादीतली औषधं स्वतः लिहून द्यावीत, असं ठरलं. सिस्टरांनी या वयात परीक्षा दिली, पास झाल्या आणि करार भिंतीवर टांगला.

परवा काका पुन्हा आले, तसेच धापा टाकत; सोबत त्यांची बायको, काकू. सिस्टरांनी सवयीने मलाच उचललं. एंगेज!

"लागला का हो फोन?" काकू रडकुंडीला आल्या होत्या.

सिस्टरांनी भिंतीकडे पाहिलं. "नाही लागला, काकू. आणि आता लागायची गरजही नाही." मला दाणकन आपटून त्या कपाटाकडे धावल्या.

थोड्या वेळाने काकांनी मास्क बाजूला केला. "भट्टीत पाव राहिलेत."

"करपू देत मेले!" काकूंनी डोळे पुसले.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. "सिस्टर, मघाशी माझी लाइन एंगेज होती. तुम्ही फोन केला होतात का? काय द्यायला सांगू?"

"दिलं, सर. काका घरी गेले."

 डॉक्टरांनी इतका लांब सुस्कारा सोडला की माझी तार हलली. "सुटलो बुवा! तुमचंच तुम्हाला सांगायची लाज वाटायची मला."

मित्रांनो, मला दुःख नाही. मीही सुटलो. फक्त जुन्या वस्तूंवरून अधूनमधून फडकं फिरवत जा, एवढंच मागणं.

त्यानंतर मला एकच फोन आला. राँग नंबर होता.