खरवडलेल्या नावाची तबकडी

मी एक जुनी, काळी, दहा इंची तबकडी आहे. माझ्या मध्यभागी जो गोल कागद चिकटवलेला आहे, त्यावर नाव नाही. नुसते ओरखडे आहेत. ज्याने ते काढले त्याला त्यातून काय मिळणार होतं, ते आधी सांगते. त्याला एका शनिवारची गर्दी मिळणार होती. बस्स, एवढंच. पण मित्रांनो, आमच्या किंग्स्टनमध्ये त्या काळी शनिवारच्या गर्दीसाठी लोक सख्ख्या भावाशी बोलणं टाकत.

त्याचं नाव क्लीव्हलँड रॅट्रे. कपाटाएवढे चार कर्णे, एक वाजवायचं यंत्र आणि एक भलंमोठं तोंड, एवढी त्याची दौलत. दोन गल्ल्या सोडून गिल्झीन नावाचा दुसरा एक जण असाच कर्णे लावून बसे. लोक नाक्यावर उभे राहत, दोन्हीकडे कान देत, आणि ज्याच्याकडे न ऐकलेलं गाणं वाजेल त्याच्या अंगणात नाचायला शिरत. म्हणून रॅट्रेला असं गाणं हवं होतं जे साऱ्या बेटावर फक्त त्याच्याकडे असेल. एकच गाणं, एकच तबकडी. ती तबकडी मी.

माझ्यात जो आवाज आहे तो इसिल्डा मॉन्क्रीफचा. तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि एका शिंप्याकडे शर्टांना बटणं लावायची. बंदरावरून बोटीत बसून गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसाचं गाणं तिने स्वतःच रचलं होतं. माझ्या अंगावर मऊ काळा लेप होता. ती गात होती आणि सुई तिचा आवाज माझ्या अंगात कोरत होती. दुखलं नाही. उलट, कुणीतरी आपल्याला पहिल्यांदाच काहीतरी मनापासून सांगतंय, असं वाटलं.

दुसऱ्या कडव्यात मात्र घोटाळा झाला. यंत्र चालवणारा गृहस्थ कोपऱ्यात तळलेला मासा खात बसला होता. इसिल्डाची नजर त्याच्यावर गेली, आणि ‘बंदरावर माझा माणूस हरवला’ म्हणायच्या ऐवजी ती ‘माझा मासा हरवला’ असं गाऊन मोकळी झाली. आणि हसली. गाणं न थांबवता, सुरातच हसली. दुसरी तबकडी कोरून घ्यायला रॅट्रे तयार नव्हता. त्यामुळे ते हसू माझ्यात राहिलं, आणि पुढे लोक गाण्यापेक्षा त्या हसण्यासाठीच मला ऐकू लागले.

त्या मासेखाऊ गृहस्थाने हात पुसून माझ्यावर निळ्या शाईने तिचं नाव लिहिलं. शाई वाळलीही नव्हती. दाराबाहेर येताच रॅट्रेने खिशातून एक पेनी काढली आणि तिच्या देखत ते नाव खरवडलं.

“अहो, माझं नाव!” इसिल्डा ओरडली.

“अगं पोरी, गिल्झीनची माणसं यंत्राला नाक लावून उभी असतात. नाव वाचलं की उद्या तो तुझ्या दारात. नाव नाही, तर गाणं माझं.”

“आणि माझं काय?”

“गिल्झीन हरू दे. मग हजार प्रती काढतो. तुझं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत!” त्याने दोन्ही हात पसरून दाखवले. हात पसरायला त्याला काही पैसे पडत नव्हते.

त्याच शनिवारी मी पहिल्यांदा वाजले. हसू आलं तशी माणसं पत्र्याच्या कुंपणावर थापा मारू लागली. “पुन्हा लाव, रॅट्रे! पुन्हा!” त्याने मला सात वेळा लावलं. गिल्झीनचे हेर वाकून वाकून माझे ओरखडे वाचत होते. त्यातल्या एकाने विचारलंच, “कोण गातंय रे ही?” रॅट्रेने साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं सांगितलं, “मर्लिन टॅपर! दुसरी कोण असणार?” मर्लिन ही तेव्हाची नावाजलेली गायिका. गिल्झीनची माणसं पंधरा दिवस तिच्या मागे हिंडली, आणि रॅट्रे पंधरा दिवस हसत राहिला.

गर्दीत खुद्द इसिल्डाही होती. ती शेजारच्या बाईला म्हणाली, “ही मी आहे.”

“हो का?” ती बाई म्हणाली. “मग मी इंग्लंडची राणी. सरक, नाचू दे.”

त्याच गर्दीत कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला पोस्टातला एक तरुण कारकून होता, अल्फान्सो पिनॉक. रॅट्रेचं बोलणं त्याने नीट ऐकलं आणि पोस्टाचा शिक्का मारावा तसं मनावर मारून घेतलं. हे नाव लक्षात ठेवा.

माझे सुखाचे दिवस दोन वर्षं टिकले. मग नाचाची चाल बदलली, लोकांना संथ गाणी आवडू लागली. गिल्झीन दुकान बंद करून परदेशी गेला. ज्याला हरवायचं तोच उरला नाही, मग हजार प्रती कशाला? रॅट्रेने मला एका खोक्यात घातलं आणि खोकं पलंगाखाली सरकवलं.

तिथे मी किती वर्षं पडून होते, हे मला मोजता आलं नाही. अंधारात वर्षं मोजायला खूण लागते, आणि माझ्याकडे फक्त ओरखडे होते. वरच्या दोन तबकड्या कुणीतरी पातेल्यांवर झाकण म्हणून काढून नेल्या. त्या निदान ऊब घेत असतील, असं मला वाटे. मित्रांनो, पोटात गाणं असावं, हसूही असावं, आणि विचारणारं कुणी नसावं, याला एकटेपण म्हणतात. न वाजलेली तबकडी म्हणजे नुसता काळा पत्रा.

रॅट्रे वारला. त्याच्या मुलीने घर आवरताना ते खोकं पिनॉकला देऊन टाकलं. पोस्टातला तो कारकून आता पेन्शनीत निघाला होता आणि हार्डवेअरच्या दुकानावरच्या एका लहान रेडिओ केंद्रातून रविवारी दोन ते चार जुनी गाणी लावत होता. रविवारी दोनला आमच्याकडे घराघरांत नारळाच्या दुधातला राजम्याचा भात वाढलेला असतो. तेव्हा लोकांना जेवणाबरोबर जुनी गाणी लागतात, आणि जेवणानंतर वाद. पिनॉक दोन्ही पुरवी. महिन्याचा पहिला रविवार त्याने आम्हा खरवडलेल्या तबकड्यांसाठी ठेवला होता. तो एकेक तबकडी लावी आणि कुणी गायलंय ते छातीठोकपणे सांगे. आमच्याकडे थोरामोठ्यांना आदराने ‘मास’ म्हणतात; ‘कधी न चुकणारे मास पिनॉक’ अशी त्याची ख्याती होती, आणि ती ख्याती तो धुतलेल्या मोटारीसारखी जपे.

मी पहिल्यांदा त्याच्या यंत्रावर चढले तेव्हा आनंदाने थरथरत होते. मला वाटलं, आता तरी माझं खरं नाव सांगतील. पिनॉक माइकमध्ये म्हणाला, “मंडळी, ही मर्लिन टॅपर. मी या कानांनी खुद्द रॅट्रेच्या तोंडून ऐकलंय.”

काचेपलीकडे झाडू थांबला.

दर रविवारी तिथे झाडलोट करायला एक बाई येत. वय पासष्टच्या आसपास, डोक्याला पांढरा रुमाल. त्यांचं चर्च शनिवारी भरत असे, म्हणून रविवार मोकळा. सगळे त्यांना मिस इसी म्हणत. चर्चच्या गायकवृंदात त्या पहिल्या बाकावर बसत. बाप्तिस्मा घेतला तेव्हाच त्यांनी नाचाची गाणी सोडली होती. त्यांच्याकडे नियमच तसा. मी त्यांना ओळखलं. माझ्यात जो श्वास आहे, तोच श्वास त्या झाडू टेकून घेत होत्या. मग त्या पुन्हा झाडू लागल्या.

तीन वर्षं असंच चाललं. दर महिन्याला मी वाजायचे, दर महिन्याला पिनॉक चुकायचा, आणि काचेपलीकडे झाडू थांबायचा. जिचं गाणं होतं ती चार पावलांवर, आणि आम्हा दोघींना एकमेकींशी बोलायची सोय नाही.

त्यात माझं अंग मऊ. दर वेळी सुई माझा थोडा आवाज खरवडून नेते. दुसरं कडवं आधी झिजलं. तो चुकलेला शब्द कुणाला लागेना; नुसती खरखर, आणि खरखरीतून वर येणारं हसू. एका रविवारी तेही पुसट झालं. मिसेस बकली नावाच्या श्रोत्या दर आठवड्याला भांडायला फोन करत. त्या म्हणाल्या, “मास पिनॉक, हे गाणं आहे की मासे तळताय?”

पिनॉकने फोन ठेवला आणि कार्यक्रम संपल्यावर, काय बिघडलंय ते पाहायला, माइक बंद करून मला पुन्हा लावलं. दार उघडं होतं. मिस इसी फडक्याने काच पुसत होत्या. खरखर आली, आणि त्यांच्या नकळत त्यांच्या तोंडून ते कडवं बाहेर पडलं. ‘बंदरावर माझा मासा हरवला.’ आणि त्याच जागी, तितकंच, सुरात हसू.

पिनॉकचा हात हवेतच राहिला.

“मासा?” तो म्हणाला. “मी तीन वर्षं ‘माणूस’ सांगतोय लोकांना.”

“माणूसच होता. मी चुकले,” मिस इसी म्हणाल्या, आणि फडकं तोंडावर धरलं.

पिनॉकने सुई माझ्या शेवटच्या रेघेतून उचलली आणि तो खुर्चीत बसला. “अहो मिस इसी, तीन वर्षं! एक शब्द बोलला नाहीत?”

“कुणाला सांगू? एकदा सांगितलं होतं. ती बाई इंग्लंडची राणी निघाली.”

“पण पुढच्या पहिल्या रविवारी मर्लिनच्या घरच्यांना तिच्या नावाची सन्मानाची पाटी द्यायचीय! पितळेची! खाली माझंही नाव आहे. तिचा भाचा इंग्लंडहून विमानात बसतोय.”

“मग द्या की पाटी. माझं नाव चर्चच्या वहीत आहे, तेवढं पुरे.” त्या बादली उचलून निघाल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, “पण मास पिनॉक, एकदा ‘इसिल्डा मॉन्क्रीफ’ असं म्हणून दाखवा. रेडिओवर म्हणता ना, तशा आवाजात.”

पिनॉकने म्हणून दाखवलं. बंद माइकमध्ये. त्यांनी मान डोलावली आणि त्या जिना उतरून गेल्या.

तो पहिला रविवार आला. पिनॉकने नवा शर्ट घातला होता आणि त्याला घाम फुटला होता. समोर पितळेची पाटी, शेजारी मर्लिनचा भाचा, खाली दुकानात गर्दी. मिस इसी काचेपलीकडे झाडत होत्या, नेहमीपेक्षा जोरात.

“मंडळी,” पिनॉक म्हणाला, “मी चुकलो. या तबकडीवर मर्लिन टॅपर नाही. मला रॅट्रेने फसवलं, आणि मी तुम्हाला.”

फोन खणखणू लागला. पिनॉकने भीत भीत भाच्याकडे पाहिलं. भाचा खुर्चीत मागे रेलला. “हुश्श! मावशी मरेपर्यंत सांगत होती, ते गाणं माझं नाही म्हणून. आम्ही म्हणायचो, म्हातारी विसरली. मग आहे कोण ही?”

“इसिल्डा मॉन्क्रीफ,” पिनॉक म्हणाला. या वेळी माइक चालू होता. त्याने मला लावलं.

मी जमेल तेवढं नीट गायले. पण दुसरं कडवं आलं आणि माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. नुसती खरखर. पिनॉकने दार उघडलं, माइक ताणून बाहेर धरला आणि मिस इसींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही. त्यांना ठाऊक होतं, गायकवृंदाच्या प्रमुखबाईंच्या घरी आत्ता भात वाढलेला असणार आणि रेडिओ चालू असणार. एक ओळ खरखरीत गेली. मग त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि म्हाताऱ्या, जाडसर आवाजात त्या गायल्या. मासाच गायल्या. आणि हसल्या.

पन्नास वर्षांनी आम्ही दोघी एकत्र वाजलो, अर्धं कडवं. मिसेस बकलींचा फोन आला. त्या भांडल्या नाहीत, नुसत्या रडल्या.

त्यानंतर मला कुणी वाजवलेलं नाही. माझं गाणं कॉम्प्युटरात उतरवून घेतलंय, त्या रविवारच्या हसण्यासकट, आणि मी काचेच्या पेटीत आहे. ओरखड्यांवर पिनॉकने निळ्या शाईने नाव लिहिलंय. लोक येतात, नाव वाचतात, जातात. पेटीत धूळ येत नाही. आवाजही येत नाही. पलंगाखाली होते तेव्हा निदान कुणी आपल्याला शोधेल अशी आशा होती. आता सापडलेली आहे, आणि तरीही एकटी आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच मागते, की कुणाची वस्तू वापराल तेव्हा तिच्यावरचं नाव खरवडू नका. पुसलेलं नाव परत लिहायला शाई थोडीशीच लागते. बाकी जे लागतं, ते भलत्याच माणसाच्या पदरचं जातं.

आता शेवटचा हिशेब. रॅट्रेने त्याची पेनी नाव खरवडून झाल्यावर पुन्हा खिशात टाकली होती. पिनॉकची ‘कधी न चुकणारे’ ही पदवी गेली, पण ऐकणारे दुप्पट झाले. त्याला ते स्वस्तातच पडलं म्हणायचं. माझं एक कडवं गेलं. आणि मिस इसींना चर्चमध्ये, नाचाचं गाणं गायल्याबद्दल, तीन महिने मागच्या बाकावर बसायला सांगितलं. ते तीन महिने कधीच संपले. त्यांना पुढे या म्हणून अजून कुणी हाक मारलेली नाही. शनिवारी त्या मागच्या बाकावर बसतात, आणि रविवारी येऊन माझी काच पुसतात.