ओढून बघणं

वर्लिन हाउगनने रबरी हातमोजे चढवले, ट्रेलरच्या पोटाखाली वाकून संडासाच्या टाकीची झडप ओढली आणि जाड पाइपातून गडगडत जाणाऱ्या घाणीकडे समाधानाने बघत राहिला. पाइपाच्या मध्ये एक पारदर्शक तुकडा बसवलेला होता. आत काय चाललं आहे ते त्यातून स्वच्छ दिसत होतं, नको तेवढं स्वच्छ.

"आधी ही टाकी, मग मोरीची," तो मुलीकडे न बघता म्हणाला. "म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुऊन निघतो. उलट केलं तर चूक. मोज, मोज. चुका मोजायलाच आली आहेस ना?"

"एकच मोजायची आहे," कोरिन म्हणाली. "एक झाली की किल्ली माझी आणि तू माझ्याकडे राहायला. तूच म्हणालास काल."

"मीच म्हणालो. आणि एकही झाली नाही तर तू गुमान विमानात बसायचं, तुझ्या घरी डुलुथला जायचं आणि पुन्हा त्या तळघराचं नाव काढायचं नाही."

"तळघर काय म्हणतोस? खोली आहे ती. खिडकी आहे तिला."

"काय दिसतं खिडकीतून? बर्फात रुतलेले बूट."

बायको असल्यापासून वर्लिन या ट्रेलरमध्ये राहत होता आणि ती गेल्यावरही त्याने तो सोडला नव्हता. हिवाळाभर ॲरिझोनाच्या या वाळवंटात, उन्हं तापू लागली की वर आयडाहोच्या जंगलात. तिथल्या तळावर तो उन्हाळाभर राखणदारी करायचा, लाकडं विकायचा, पोरांना आगीजवळून हाकलायचा. ऐंशीला टेकलेल्या माणसाला याहून बरं काय हवं, असं त्याचं म्हणणं. कोरिनचं म्हणणं वेगळं होतं. गेल्या शरदात एका पेट्रोलपंपाच्या खांबावर त्याने ट्रेलरच्या दारावरची सगळी कापडी छत्री सोलून काढली होती, आणि ते तिला परक्या माणसाकडून कळलं होतं.

नळाशी जाऊन त्याने पाण्याची नळी सोडवली. मग नळाच्या तोंडावर बसवलेली पितळी चकती पिळून काढली. इथल्या नळाला भलताच जोर असतो. ती चकती लावली नाही तर भिंतीतल्या नळ्या फुटून गादीसकट सगळं पाण्यात. निघायच्या घाईत ती हमखास नळावरच राहते, आणि पुढच्या मुक्कामाला कपाळावर हात मारायची वेळ येते.

"मला वाटलं, विसरतोस," कोरिन म्हणाली.

"विसरणारी माणसं वेगळी. तुझा नवरा तर तुलाच विसरून गेला."

कोरिनच्या कानाची पाळी लाल झाली. तिने हाताची घडी आणखी घट्ट केली.

"आणि तू आईला कुठे नेऊन ठेवलं होतंस? फोन लागत नव्हता तिथे. ॲम्ब्युलन्सला रस्ता सापडत नव्हता. त्याची चूक कोणाच्या नावावर मांडायची?"

नळी गुंडाळणारा त्याचा हात थांबला.

"नडीनलाच यायचं होतं तिथे."

"ती कधी तुला नाही म्हणाली होती? मला एकदा तरी सांग."

नळीतलं उरलेलं पाणी त्याने झटकून काढलं, त्यातलं बरंचसं तिच्या बुटांवर गेलं, आणि ते चुकून गेलं असं कोणी म्हणणार नाही.

ट्रेलरवाल्यांच्या या तळावर एक रीत आहे. कोणी ट्रेलर जोडायला घेतला की त्याच्याशी बोलायचं नाही. नमस्कार नाही, हवापाणी नाही, सल्ला तर मुळीच नाही. गप्पांच्या नादात कोणी अँटेना वरच ठेवून निघालेलं असतं, तर कोणी विजेची केबल खांबासकट उपटून नेलेली असते. म्हणून शहाणी माणसं खुर्ची वळवून पाठ करून बसतात. वर्लिनने पिकअप चालू केल्याबरोबर शेजारचा ब्यूफर्ड कॉफीचा मग घेऊन उठला, त्याने खुर्ची डोंगराकडे वळवली आणि टोपी डोळ्यांवर ओढली. पलीकडच्या जोडप्यानेही तेच केलं. कोरिनला ही रीत लहानपणापासून ठाऊक होती. सुट्टीत छोटा ट्रेलर जोडताना बापाला हाताने खुणा करायला तीच मागे उभी असायची, आणि तेव्हा तिला शिंकसुद्धा दाबावी लागायची. आज मात्र सकाळपासून तिच्या तोंडाचा पट्टा थांबला नव्हता. तो मुद्दामच चालू होता.

"खांबावरचं बटण आधी बंद केलंस का? की केबल तशीच ओढलीस?"

"आधी बटण, मग केबल."

"अँटेना?"

"मान वर कर आणि बघ. तरुण आहेस."

"सरकती भिंत आत घेताना खालचं कपाट उघडं होतं."

"नव्हतं."

नव्हतंच ते. काहीच चुकलेलं नव्हतं. पायऱ्या आत गेल्या होत्या, फ्रीजच्या दाराला कडी होती, कपबशा टॉवेलमध्ये गुंडाळल्या होत्या. कोरिनला आत कुठेतरी घाबरल्यासारखं झालं. हा माणूस आज जिंकणार, वर तोंड करून आयडाहोला जाणार, आणि मग एखाद्या रात्री कुठल्यातरी घाटातून फोन येणार, तोही परक्या माणसाचाच.

तो पिकअप मागे घेऊ लागला. मागच्या हौद्यात लोखंडी तबकडी, ट्रेलरच्या नाकाखाली जाड खुंटा, आणि खुंट्याने तबकडीच्या जबड्यात नेमकं शिरायचं. तो मध्येच खाली उतरला, डोळे बारीक करून पाहिलं, पुन्हा चढला. खुणा करायला कोणी नव्हतं. कोरिन जागची हलली नाही. खाट्‌कन आवाज झाला आणि खुंटा जबड्यात बसला. वर्लिनने जबडा बंद करणारं हॅन्डल आत ढकललं, ते निसटू नये म्हणून भोकातून पिन घातली, दोनदा हिसका देऊन बघितला.

"पिन घातली," तो कोर्टात साक्ष द्यावी तसा मोठ्याने म्हणाला. "आता ओढून बघायचं राहिलं. मग ट्रेलरचे पाय वर घ्यायचे आणि मी सुटलो."

चाकांखालचे अडसर जागेवर आहेत का ते बघायला तो मागे गेला.

जोडल्यावर ओढून बघणं हा शेवटचा सोपस्कार. ट्रेलरचे पाय जमिनीवर ठेवायचे, चाकांना अडसर तसेच राहू द्यायचे आणि पिकअप जरासा पुढे न्यायचा. जोडणी पक्की असेल तर गाडी जागच्या जागी अडते. नसेल तर ट्रेलर आपल्या पायांवर तसाच उभा राहतो. कोणाला इजा नाही, कशाची मोडतोड नाही. फक्त चूक दिसते.

हे सगळं कोरिनला त्यानेच शिकवलेलं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांच्या पाठी होत्या. तिने पुढे होऊन पिन उपसली आणि हॅन्डल ओढलं. ताण नव्हता, ते लोण्यातून सुरी जावी तसं बाहेर आलं. पिन जॅकेटच्या खिशात टाकून ती पुन्हा आपल्या जागी येऊन उभी राहिली. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. त्याच्याच भल्यासाठी, असं तिला वाटत होतं, आणि आपण जिंकलो याचा आनंदही होत होता.

वर्लिन आला. तिच्याकडे बघून विजयी हसला आणि गाडीत बसला. पिकअप पुढे सरकला. लोखंडावर लोखंड किंचाळलं, तबकडी खुंट्याखालून निसटली, आणि ट्रेलर जिथल्या तिथे राहिला.

तो उतरला. आता शिव्यांचा पाऊस पडणार म्हणून कोरिनने ओठ आवळले. उत्तर तिने तयारच ठेवलं होतं. पण तो ओरडला नाही. हौद्याशी जाऊन त्याने बाहेर आलेलं हॅन्डल पाहिलं, पिनच्या रिकाम्या भोकात बोट घातलं. मग हौद्यात पाहिलं. गुडघे टेकून गाडीखाली पाहिलं. उठायला त्याला हौद्याचा आधार घ्यावा लागला.

"मी घातली होती," तो म्हणाला.

कोरिनने जॅकेटचा खिसा हाताने दाबून धरला.

"मला आठवतंय ना. दोनदा हिसका दिला मी." त्याने हाताने हवेत हिसका देऊन दाखवला. "असा. तू होतीस ना इथेच? घातली का गं मी?"

"मी... माझं लक्ष नव्हतं."

त्याने मान डोलावली. चेहऱ्यावरचा सगळा ताठा उतरला होता. पिकअपची किल्ली काढून त्याने तिच्या हातावर ठेवली. फेकली असती, आदळली असती तर तिला बरं वाटलं असतं. त्याने ती ठेवली आणि वर तिच्या हाताची मूठ मिटवली.

"घे. तुझं बरोबर होतं."

पुन्हा जोडायला तिनेच गाडी मागे घेतली. तो मागे उभा राहून हाताने खुणा करत होता, पण प्रत्येक खूण अर्ध्यावर थांबत होती. खुंटा बसला. त्याने हत्यारांच्या पेटीतून जादाची पिन आणली आणि तिच्यापुढे धरली.

"तूच घाल. मी घातली तर काय सांगता येतं?"

तिने घातली. ओढून बघितलं, पाय वर घेतले, अडसर काढले. ब्यूफर्डने खुर्ची वळवली आणि ड्रायव्हरच्या जागेवर कोरिनला पाहून त्याने वर केलेला हात तसाच खाली घेतला. वर्लिन दुसऱ्या बाजूने चढला. त्या बाजूला तो कधी बसलेला नव्हता, पट्टा कुठून ओढायचा ते त्याला सापडेना.

कोरिनने इंजिन चालू केलं. खिशातली पिन बरगडीला टोचत होती.

"डॅड, ती पिन..."

"कळलं." तो समोरच्या काचेकडे बघत होता. "माझी चूक. मान्य केली ना? किल्ली दिली ना? आता डुलुथपर्यंत तेच तेच उगाळू नकोस. सकाळपासून पुरेसं ऐकलंय तुझं."

"तसं नाही, मी काय म्हणते..."

"पुरे म्हटलं ना!"

तिने गाडी गिअरमध्ये टाकायला हात उचलला, तेवढ्यात तो म्हणाला, "थांब. स्टोव्हचा गॅस मी बंद केला का?"

"केलास. मी बघितलं."

"तुझं लक्ष नव्हतं म्हणालीस."

"गॅसच्या वेळी होतं. केलास तू बंद."

तरी तो उतरला. आरशात तिला दिसलं: त्याने पायऱ्या बाहेर काढल्या, कठड्याला धरून एकेक चढला आणि आत गेला. बराच वेळ तो बाहेर आला नाही. मग आला, पायऱ्या आत ढकलल्या, दार ओढून पाहिलं, थोडं चालून मागे वळला आणि दार पुन्हा ओढून पाहिलं.

"बंद आहे," गाडीत बसत तो म्हणाला. पट्टा लावता लावता त्याचे हात थांबले.

"कोरिन, तू एकदा बघून येतेस का?"